रूळ न आलेल्या गांवाचा रेल्वे-वारसा

‘वारसा’ हा शब्द अलीकडे आपल्या लिहिण्याबोलण्यांत फार सैल हातानें वापरला जाऊं लागला आहे. पूर्वीं वारसा म्हणजे बापानें मुलासाठीं ठेविलेली शेतीवाडी, घरदार आणि त्याबरोबर न चुकणारें कर्जहि. आतां जुनी वेस, जुना वाडा, जुना पूल आणि जुनी आगगाडी हीं सर्व वारसा झालीं आहेत. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु ह्या नव्या अर्थांतून एक गोष्ट मात्र गळून गेली आहे, आणि ती म्हणजे कर्ज. वारशांत येणेंहि असतें आणि देणेंहि असतें, हें जुना वारस जाणून असे. नवा वारसाप्रेमी येणें तेवढें मोजतो आणि देण्याची वही मिटून ठेवतो. रेल्वेच्या वारशाविषयीं हल्लीं जें लेखन होत आहे त्याची परीक्षा करण्यापूर्वीं एवढें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

ह्या लेखनाची एक ठराविक रीत आहे. १८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, येथून प्रारंभ करावयाचा. तो २१ मैलांचा मार्ग, तोफांची सलामी आणि बघ्यांचें आश्चर्य यांचें वर्णन करावयाचें. १८६३ सालीं गाडी भोर घाट चढली म्हणून इंजिनियरांचें अभिनंदन करावयाचें. माथेरानची १९०७ सालची चिमुकली गाडी वळणावळणांनीं वर नेऊन परत आणावयाची. आणि बोरीबंदरच्या स्टेशनाची इमारत २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली ह्या वाक्यावर लेख संपवावयाचा. मधल्या पानांत इंजिन कोणत्या कारखान्यांतलें, दोन रुळांमधलें अंतर किती, डब्यांचा रंग कोणता, याचा तपशील असतो. ही माहिती बहुधा खरी असते, व ती गोळा करणारांचे श्रम आम्ही हलके लेखीत नाहीं. पण इंजिनाची जन्मपत्रिका म्हणजे रेल्वेचें चरित्र नव्हे. गाडी कोणास घेऊन गेली, कोणास मागें ठेवून गेली, आणि ज्यास घेऊन गेली त्यास उतरल्यावर काय भोगावें लागलें, हे प्रश्न त्या पानांत क्वचितच विचारले जातात.

ह्या रीतीनें हिशेब केला तर बुरोंडीसारख्या गांवाच्या वांट्यास शून्य येतें. बुरोंडी हें रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतलें, समुद्राच्या कांठचें, मासेमारीवर जगणारें गांव. परशुरामानें समुद्र मागें हटवून ही भूमि मिळविली अशी कथा आहे, व त्या परशुरामाचा भव्य पुतळाहि आज बुरोंडीस उभा आहे. परंतु समुद्र हटला तरी सह्याद्रि हटला नाहीं. देशावर गाड्या धांवूं लागल्यानंतरहि शतकाहून अधिक काळ ह्या किनाऱ्याचें मुंबईशीं दळणवळण पडावानें आणि आगबोटीनें चालत असे, व पावसाळ्यांत दर्या खवळला कीं तेंहि बंद पडे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली. पण तीहि खेड आणि चिपळूण अशी डोंगराच्या बाजूनें गेली. किनारा तिला दुरूनच दिसतो. बुरोंडीच्या चाकरमान्यानें गणपतीस घरीं यावयाचें तर आजहि त्यानें खेडास उतरून दापोली गांठावी, आणि तेथून पुढें समुद्राकडे वळावें. येथें जुनें स्टेशन नाहीं, पाण्याची टांकी नाहीं, मोडकें इंजिनहि नाहीं. मग ह्या गांवास, किंवा ह्या तालुक्यास, रेल्वेचा वारसा कुठला?

आमचें उत्तर असें आहे कीं, वारसा आहे, आणि तो पुष्कळ स्टेशनें असलेल्या गांवांहून मोलाचा आहे. मात्र तो लोखंडाचा नसून कागदाचा आहे. ह्या मुलखांतून निघालेल्या, किंवा ह्या मुलखाशीं ज्यांचें मूळ जोडलेलें आहे अशा माणसांनीं जें लिहून ठेविलें, व त्यांच्याविषयीं जें लिहिलें गेलें, त्यांत रेल्वेच्या युगाची अशी एक साक्ष आहे जी रुळांच्या कांठीं राहणारास सहसा सुचली नाहीं. ज्याच्या दारांत गाडी येते तो गाडीकडे पाहतो; ज्याच्या दारांत ती येत नाहीं तो रूळ जेथें संपतात त्या जागेकडे पाहतो. आणि आमच्या मतें रेल्वेचा खरा जमाखर्च तेथेंच, म्हणजे स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाटेवर, मांडला जातो.

प्रथम त्या वाटेच्या लांबीचा विचार करूं. बुरोंडीच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर, मुरूड हें गांव आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण तेथें गेलें. १८७५ सालीं सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते कांहीं सोबत्यांसह भर पावसांत मुरुडाहून साताऱ्यास पायीं गेले. अंतर सुमारें ११० मैलांचें. तेथें पोंचल्यावर, मुलगा वयानें लहान दिसतो एवढ्याच कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. हा प्रसंग त्यांच्या ‘आत्मवृत्त’ ह्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळें महाराष्ट्रास परिचित आहे, व शाळांतून तो चिकाटीचा धडा म्हणून शिकविलाहि जातो. आम्ही तो निराळ्या दृष्टीनें वाचतों. त्या वर्षीं मुंबईहून पुण्यास अखंड गाडी धांवूं लागून बारा वर्षें लोटलीं होतीं. वर्तमानपत्रें देशांतलें अंतर मिटल्याची ग्वाही देत होतीं. त्याच देशांत एक मुलगा डोंगर चढून परीक्षेस जातो, आणि नकार घेऊन तितकेंच अंतर परत चालतो. कर्व्यांच्या लेखनाचा गुण हा कीं, ते ह्यावर हळहळ ओतीत नाहींत. हकीकत सांगतात आणि पुढें जातात. पुढें सत्तरी ओलांडल्यावर हेच गृहस्थ स्त्रियांच्या शिक्षणासाठीं निधि जमवीत जगभर फिरून आले. त्यांच्या आयुष्याचीं हीं दोन टोकें एकत्र ठेविलीं म्हणजे प्रवासाच्या साधनांनीं माणसाचें काय केलें आणि काय केलें नाहीं, हें इंजिनांच्या यादीपेक्षां अधिक स्पष्ट होतें.

साने गुरुजींचें पालगडहि ह्याच तालुक्यांतलें. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेल्या आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकांत अंतर मोजलें जातें तें पावलांनीं. धाकट्या भावासाठीं कोट शिवून घेऊन दापोलीहून घरीं पावसांतून चालत येणारा श्याम वाचकाच्या ध्यानांत राहतो तो त्या चालण्यामुळें. समजा, दापोलीहून पालगडास गाडी असती आणि श्याम अर्ध्या तासांत घरीं आला असता, तर कोट तोच राहिला असता. पण त्या कोटाची किंमत वाचकास कळली नसती. यावरून पायपीट चांगली असा अर्थ कोणी काढूं नये. तसें म्हणणारा बहुधा स्वतः गाडींत बसलेला असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, रेल्वे न पोंचलेल्या मुलखाचें वाङ्मय रेल्वेच्या काळांतच लिहिलें गेलें आहे, व त्या काळाची ती दुसरी बाजू आहे. ती वगळून लिहिलेला इतिहास एका डोळ्याचा होय.

आतां डब्याकडे वळूं. याच जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले कवि नारायण वामन टिळक यांच्या आयुष्याचें वळण रेल्वेच्या डब्यांत ठरलें, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं सांगितली आहे. १८९३ च्या सुमारास ते नागपुराहून राजनांदगांवास जात असतां एक गोरा गृहस्थ त्यांच्याबरोबर प्रवास करीत होता. तो सभ्यपणें वागला, काव्याविषयीं आणि धर्माविषयीं बोलला, आणि उतरण्यापूर्वीं त्यानें नव्या कराराची एक प्रत टिळकांस दिली. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ह्या धर्मांतराच्या इष्टानिष्टतेचा वाद येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्हांस दिसतो तो डबा. जेथें राजा आणि प्रजा, पंडित आणि पाद्री, एकमेकांस ओळखीवांचून तासन्‌तास समोरासमोर बसतात अशी दुसरी जागा त्या काळच्या हिंदुस्थानांत नव्हती. वाडा, देऊळ, कचेरी, पाणवठा ह्या सर्व ठिकाणीं कोणी कोठें बसावें हें आधींच ठरलेलें असे. डब्यांत तें तिकिटानें ठरूं लागलें. नवें होतें तें एवढेंच, पण तें लहान नव्हतें.

तथापि तिकिटाचा हा अधिकार किती ठिसूळ होता, हें त्याच १८९३ सालानें दाखविलें. जूनच्या ७ तारखेस दक्षिण आफ्रिकेंत पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनावर मोहनदास करमचंद गांधी ह्या तरुण बॅरिस्टरास पहिल्या वर्गाचें तिकीट हातांत असतां केवळ कातडीच्या रंगावरून गाडीबाहेर काढण्यांत आलें. एका डब्यांत गोऱ्या माणसाचा शेजार एका मराठी कवीस नवी वाट दाखवितो. दुसऱ्या डब्यांत गोऱ्या माणसास तो शेजारच खपत नाहीं. दोन्ही ठिकाणीं रूळ, इंजिन आणि तिकीट सारखींच आहेत. यंत्राच्या अंगीं नीति नसते. त्यांत बसणारांची नीति तें इकडून तिकडे वाहून नेतें.

टिळकांच्या गोष्टीचा उत्तरार्ध आणखी बोलका आहे, आणि तो डब्याबाहेरचा आहे. १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत लक्ष्मीबाई टिळकांनीं धर्मांतराची वार्ता आल्यावर घरावर जो आघात झाला त्याचें वर्णन केलें आहे. नवऱ्याच्या प्रवासाचें मोल मागें राहिलेल्या बायकोनें कित्येक वर्षांच्या ताटातुटीनें भरलें. लक्ष्मीबाईंची लेखणी अशी कीं, रडूं येण्याच्या जागीं ती हसविते, आणि हसतां हसतां वाचकाचा घसा दाटतो. रेल्वेवरच्या कोणत्याहि ग्रंथांत ह्या पुस्तकाचा उल्लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. तो असावयास हवा. कारण गाडीनें जाणाऱ्या पुरुषाच्या मागें जें घर उरतें, त्याचें इतकें खरें चित्र मराठींत विरळा.

याहूनहि कठोर साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनीं इंग्रजींत कांहीं आठवणी लिहिल्या; त्या त्यांच्या पश्चात्, १९९० सालीं, ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ ह्या नांवानें पुस्तिकारूपानें बाहेर आल्या. आपलें घराणें मूळचें दापोली तालुक्यांतलें, हें ते आरंभींच सांगतात. लष्करांतून निवृत्त झाल्यावर त्यांचे वडील दापोलीस येऊन राहिले, आणि पुढें साताऱ्यास गेले. १९०१ सालीं वडील गोरेगांव येथें दुष्काळी कामावर खजिनदार असतां, मुलांनीं सुटींत त्यांच्याकडे जावयाचें ठरलें. वडील भाऊ, दोन भाचे आणि दहा वर्षांचा भीमराव अशीं चार मुलें नवे कपडे घालून निघालीं. स्टेशनावर प्रत्येकास दोन दोन आणे खर्चास मिळाले, आणि मुलांनीं लगेच लेमोनेडच्या बाटल्या मागविल्या. संध्याकाळीं पांचच्या सुमारास गाडी मसूर स्टेशनास आली. उतारू पांगले. वडिलांनीं धाडलेला माणूस मात्र कोठेंच दिसेना.

पुढची हकीकत ज्यानें वाचली आहे तो ती विसरणार नाहीं. चांगल्या कपड्यांतलीं मुलें पाहून स्टेशनमास्तर आपुलकीनें चौकशी करतो. आपण महार आहों असें मुलगा सरळपणें सांगतो, आणि त्या माणसाचा चेहरा पालटतो. तो मागें सरतो. बैलगाड्या उभ्या आहेत, भाडें देण्याची तयारी आहे. पण गाडीवान तयार नाहींत. शेवटीं तोड निघते ती अशी: भाडें दुप्पट द्यावें, मुलांनीं गाडी स्वतः हांकावी, आणि गाडीवानानें बाजूनें चालावें. रात्र होते. बरोबर अन्न आहे, पण पिण्याजोगें पाणी कोठें मिळत नाहीं. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहों असें सांगूनहि तें मिळालें नाहीं. मुलें घरीं पोंचलीं तीं दुसऱ्या दिवशीं.

ह्या कथनाचें वाङ्मयीन मूल्य काय, याचा विचार मराठी समीक्षेनें पुरेसा केलेला नाहीं. हें इंग्रजींत आहे म्हणून कोणी बाजूस ठेवितो. हें सामाजिक कैफियतीचें लेखन आहे म्हणून दुसरा ठेवितो. आमच्या मतें त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. प्रवासाचा आरंभ मुलांच्या आनंदानें भरलेला आहे. नव्या टोप्या, खिशांतले पैसे, बाटली फोडण्याची ऐट, गाडी चुकेल म्हणून उडालेली घाई, हें सारें लेखकानें किंचित् थट्टेच्या सुरांत सांगितलें आहे. वाचक हसतो, आणि सावध राहत नाहीं. लेमोनेडची ती बाटली आरंभीं केवळ एक चैन वाटते. पुढें रात्रभर तहान लागल्यावर तिचा अर्थ उलगडतो. स्टेशनावर दोन आणे टाकले कीं लेमोनेड मिळतें. स्टेशनाबाहेर दुप्पट पैसे देऊनहि पाणी मिळत नाहीं. हें वाक्य लेखकानें लिहिलेलें नाहीं. त्यानें दोन प्रसंग शेजारी ठेविले आणि निर्णय वाचकावर सोपविला. करुण रसाच्या नांवाखालीं आपल्याकडे जें अश्रूंचें पाणी वाहत असतें, त्याच्यापुढें हा संयम फार मोठा वाटतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. जो स्टेशनमास्तर विटाळाच्या भीतीनें मागें सरतो, तोच पुढें गाडीवानाशीं बोलून तोड काढून देतो. लेखकानें त्यास राक्षस केलेलें नाहीं. दया आणि विटाळ एकाच माणसाच्या मनांत शेजारी शेजारी राहूं शकतात, आणि तो मनुष्य स्वतःस सज्जनच समजत असतो, हें त्या एका चित्रांत दिसतें. रेल्वेच्या नियमांत त्याचा प्रश्न कोठेंहि नव्हता. तिकीट देणारानें जात विचारली नव्हती. गाडीनें चौघांस इतर उतारूंसारखेंच आणून सोडलें होतें. परंतु रूळ संपले तेथें नियमहि संपला. मसूरचा फलाट ही त्या दोन जगांमधली सीमा होती. आणि तिच्यावर चार मुलें सामानासह उभीं होतीं.

आमच्या विवेचनावर एक आक्षेप येईल तो आम्ही आधींच घेतों. कोणी म्हणेल, हीं पुस्तकें परीक्षेचीं, धर्माचीं आणि जातीचीं आहेत. त्यांत रेल्वे केवळ निमित्तमात्र आहे. आणि मसूर तर बुरोंडीपासून डोंगरापलीकडे. ह्यांतला पहिला भाग आम्ही अर्धा मान्य करतों. रेल्वे निमित्तमात्र आहे खरी. पण निमित्त लहान नसतें. गाडी नसती तर त्या चार मुलांचा अनोळखी जगाशीं असा सामना त्या दिवशीं झाला नसता. ओळखीच्या गांवांत मनुष्य आपली पायरी ओळखून चालतो, अनोळखी स्टेशनावर तो प्रथमच केवळ प्रवासी म्हणून उभा राहतो. रेल्वेनें समतेचें वचन दिलें, म्हणूनच वचनभंग इतका उघडा दिसला. दुसऱ्या भागास उत्तर असें कीं, वारसा हा सात-बाराच्या उताऱ्याप्रमाणें हद्दींत बांधलेला नसतो. ज्या मुलखास स्वतःचें स्टेशन नाहीं, त्याच्या लेंकरांचा रेल्वेशीं संबंध दुसऱ्याच्याच गांवीं येणार. साताऱ्याची वाट, राजनांदगांवचा डबा, मसूरचा फलाट, हीं ह्या किनाऱ्याचींच स्टेशनें आहेत. तीं फक्त दूर बांधलेलीं आहेत.

रेल्वेनें केलेले उपकार आम्ही विसरलों आहों असेंहि कोणीं समजूं नये. दुष्काळांत धान्य तिनें वाहिलें, गिरण्यांस कापूस तिनें आणला, हजारों कुटुंबांस तिनें पोटास लाविलें. घाट फोडतांना जे मजूर मेले त्यांचीं नांवें मात्र कोठल्याहि कमानीवर कोरलेलीं नाहींत, हें त्याच वहींतलें देण्याचें पान आहे. आम्ही मागतों तें एवढेंच कीं, दोन्ही पानें उघडीं ठेवावीं. जुन्या इंजिनास रंग देऊन स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर बसविणें सोपें आहे, आणि तें करूंहि नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या चौथऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या मुलानें आंबेडकरांच्या आठवणींतलीं तीं पानें वाचलीं नसतील, तर त्यास वारशापैकीं लोखंड तेवढें मिळालें असें होईल. आपल्या महाविद्यालयांतून प्रवासवर्णनाचा अभ्यास चालतो, त्यांत हिमालय असतो, युरोप असतो. त्यांत मुरूड ते सातारा आणि मसूर ते गोरेगांव हे दोन प्रवास असावेत, ही आमची सूचना आहे. अंतरानें ते लहान असतील. पण एका समाजाची इतकी लांबी-रुंदी मोजणारे प्रवास आपल्याकडे फार नाहींत.

टीकाकाराचें काम जुन्या वस्तूंची झाडपूस करण्याचें नाहीं. कोणती वस्तु अजून आपल्याकडे देणें मागते तें दाखविण्याचें आहे. बुरोंडीस आज जो तरुण मुंबईहून येतो त्याची जात खेडच्या गाडींत कोणी विचारीत नसेल. परंतु गाडींतून उतरल्यावर, एस्टींत, हॉटेलांत, भाड्याच्या खोलीच्या दारांत आणि गांवच्या विहिरीवर तो प्रश्न अगदीं मिटला, असें छातीवर हात ठेवून किती जण म्हणूं शकतील? जोंवर तें म्हणतां येत नाहीं तोंवर मसूरची ती संध्याकाळ संग्रहालयांत ठेवण्याजोगी झालेली नाहीं. ती चालू खात्यांतली बाकी आहे, आणि रूळ न आलेल्या ह्या लहान मुलखानें ती आपल्या लेखकांच्या हातून नीट लिहून ठेविली आहे. स्टेशनें असलेल्या गांवांनीं ती वाचावी.